पिण्याआधी, पिण्यानंतर

मापकाकू जावयाला जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा काट्याला टांगते, आणि दोन्ही वजनांतला फरक कमी भरला तर त्याला पुन्हा ताटावर बसवते, अशी बातमी गल्लीत पसरली तेव्हा "काहीतरीच काय" म्हणणारं एकही माणूस निघालं नाही. बातमी समोरच्या माडीवरच्या शिंपिणीने आणली होती. शिंपीण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलत नाही; फक्त पाहिलेल्याला ती थोडी झालर लावते. तिने पाहिलं होतं ते एवढंच, की मापकाकूच्या मधल्या दाराच्या चौकटीला गोल तबकडीचा भलामोठा काटा लटकलाय, काट्याखाली कापडी झोळी लोंबतेय, आणि झोळीखाली जावई ताट मांडीवर घेऊन भेदरल्यासारखा जेवतोय.

जावई मुळातच किडकिडीत. घड्याळं दुरुस्त करतो, आणि अंगाने तासकाट्यापेक्षा मिनिटकाट्याला जवळचा. त्यामुळे मापकाकू करते ते बरोबरच करते, असंही गल्लीने ठरवून टाकलं.

खरं म्हणजे बिचारा तिथे बसला होता तो दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. टांगलं जात होतं ते त्याच्या दीड महिन्याच्या पोराला. प्रश्न जावयाच्या पोटाचा नव्हता, पोराच्या पोटाचा होता.

मापकाकूची लेक बाळंतपणानंतर बाळाला घेऊन आईकडे राहायला आली होती. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. त्यात लेक, बाळ, दुकान बंद करून संध्याकाळी येणारा जावई, आणि "चार दिवस हाताखाली असावं" म्हणून आलेल्या विहीणबाई. विहीणबाई हाताखाली फार वेळ टिकल्या नाहीत, दुसऱ्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या डोक्यावर होत्या. बाई मनाची वाईट नाही. आयुष्य तिकीटखिडकीमागे गेलेलं, त्यामुळे समोरचा माणूस काचेपलीकडे उभा आहे असं समजून बोलायची सवय. त्या खोलीत काही पुटपुटल्या तरी ते शिंपिणीच्या मशीनपर्यंत पोचायचं.

बाळ दिवसभर शहाण्यासारखं असायचं आणि दिवे लागले की भोकाड पसरायचं. प्यायचं, सोडायचं, रडायचं, पुन्हा प्यायचं, पुन्हा रडायचं. लेक त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत खोलीतल्या खोलीत फिरत राहायची.

"पोट भरत नाहीये त्याचं," विहीणबाई म्हणायच्या. "हिच्या अंगावर दूधच पुरेसं नाही. मी ह्याला वरचं दिलं होतं, काही बिघडलं का ह्याचं?"

यावर सगळे एकदम जावयाकडे बघायचे, आणि मग सगळे एकदम दुसरीकडे बघायचे.

विहीणबाईंनी दुधाच्या पावडरीचा डबा आणून फळीवर ठेवलाही होता. न उघडलेला. लेक येता-जाता त्या डब्याकडे असं बघायची, जसं परीक्षेला बसलेलं पोर दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडे बघतं. तपासायला येणारी नर्सबाई समजूतदार होती. ती म्हणाली होती, "वजन वाढतंय, जरा सावकाश वाढतंय. पुढच्या आठवड्यात बघू. वरचं दिलंत तरी चालेल, नाही दिलंत तरी चालेल. आईने फक्त धास्ती घ्यायची नाही." धास्ती घ्यायची नाही असं सांगितल्यावर लेकीने ती घेतलीच. तिला बाळाला अंगावरच पाजायचं होतं. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही आणि तिला कुणी विचारलंही नाही. तिला पाजायचं होतं, बस.

एका दुपारी तिचा धीर सुटला. बाळ नुकतंच डोळा लागून पडलं होतं. ती उठून फळीपाशी गेली आणि डबा खाली काढला.

"संध्याकाळपासून हे सुरू करायचं," ती म्हणाली. "मला कळतच नाही आई, किती पितोय ते. बाटलीवर निदान रेघा तरी असतात."

"रेघा काट्यावरही असतात," मापकाकू म्हणाली.

लेक डबा हातात घेऊनच वळली. मग म्हणाली, "नको आई. मी मेंढी नाहीये."

इथे जरा थांबून सांगायला हवं. मापकाकूचं नाव मापकाकू का, याबद्दल नवीन भाडेकरूंचे दोन तट पडतात. काहींना वाटतं ती कपड्यांची मापं घेत असावी, काहींना वाटतं ती माणसांची घेते. दुसऱ्या तटाचं अगदीच चुकत नाही. पण मूळ गोष्ट वेगळी आहे. मापकाकूने उमेदीची सगळी वर्षं एका मेंढी पैदास केंद्रात घालवली, आणि तिथे तिचं काम होतं मेंढ्यांचं दूध मोजायचं.

आता दूध मोजायचं म्हटलं की कुणालाही वाटतं, भांडं घ्यावं, खाली बसावं, पिळावं, मापाने मोजावं. मापकाकूलाही नोकरीच्या पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. ती चकचकीत लोट्यासारखं भांडं घेऊन शेडमध्ये गेली आणि तळाशी चार थेंब घेऊन परत आली. गाय-म्हशीची गोष्ट वेगळी. मेंढी परक्या हाताला पान्हा सोडत नाही. कास तटतटलेली दिसते, पण दूध ती वर ओढून धरते, आणि चेहरा असा करते की आपल्याला यातलं काहीच माहीत नाही. ते दूध सोडवून घेणारा एकच प्राणी जगात असतो, तिचं स्वतःचं कोकरू.

म्हणून मोजायचं ते कोकराला. कोकरं आईपासून वेगळी करून फळ्यांच्या कुंपणामागे ठेवायची, चांगली भूक लागेपर्यंत. मग एकेकाला झोळीत घालून ताणकाट्याला टांगायचं, वजन घ्यायचं, आईकडे सोडायचं, पोटभर पिऊ द्यायचं आणि पुन्हा टांगायचं. पिण्याआधी, पिण्यानंतर. मधला जो फरक, तेवढं दूध. दिवसभर हेच करत राहायचं आणि संध्याकाळी बेरीज मांडायची. ज्या मेंढीचं दूध भरपूर, तिची पिलावळ वाढवायची. जिचं पुन्हा पुन्हा कमीच भरेल, तिच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढायचा आणि तिला कळपातून काढून टाकायचं. लेक लहानपणी शाळा सुटल्यावर शेडच्या दारात दप्तर घेऊन बसायची, आणि ते लाल पट्टे तिने बघितले होते.

मापकाकूला आजही डोळे मिटले की ते शेड दिसतं. पत्र्याचं छप्पर, सकाळी सकाळी मेंढ्यांच्या अंगाची निघणारी वाफ, ओल्या लोकरीचा तो तुपकट वास जो घरी जाऊन आंघोळ केली तरी केसांतून जायचा नाही. कुंपणाच्या एका बाजूला कोकरं आणि दुसऱ्या बाजूला आया, आणि दोन्हीकडून असा गलका की कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू यायचं नाही. पण वेगळं केलेलं कोकरू ओरडलं की त्या गलक्यातूनही त्याचीच आई मान वर करायची, दुसरी नाही. मापकाकू हे इतक्या वेळा सांगते की ऐकणारे तिच्या आधी मान वर करतात.

कोकरं पकडून आणणारा एक जण होता. त्याला सगळे पकड्या म्हणायचे. खांदे रुंद, चालणं सावकाश, आणि हात असे की कोकराला धरलं की ते दोन क्षणांत हातपाय सोडून द्यायचं. तो झोळी टांगायचा, तबकडी वाचायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. मापकाकू तोच आकडा मोठ्याने परत म्हणायची आणि मगच लिहायची. ऐकण्यात गफलत नको म्हणून केंद्राच्या साहेबांनी घालून दिलेला नियम. तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ही दोघं एकमेकांशी फक्त आकड्यांतच बोलायची. तो म्हणणार, ती परत म्हणणार. आकड्यांत जेवढा लाड करता येतो तेवढा त्याने केला असं मापकाकूचं म्हणणं आहे. म्हणजे कसा, ते तिला नीट सांगता येत नाही.

पहिल्या हंगामात तिची एक मोठी फजिती झाली. एका मेंढीचं दूध शून्याच्याही खाली निघालं. कोकरू पिऊन आलं ते आधीपेक्षा हलकं. साहेबांनी कागद बघितला आणि तोंड अगदी गंभीर ठेवून विचारलं, "बाई, या मेंढीने उलटं कोकराचं दूध प्यायलं का?" शेडभर हसू. मापकाकू रडवेली झाली. कारण पकड्याने शोधून काढलं. कोकरू आईला लुचायला लागलं की आनंदाने आधी मुतायचं. जेवढं आत जाणार त्याहून जास्त बाहेर, मग फरक कसला निघतोय. त्यावर उपाय मापकाकूने केला. तिने रात्री घरी बसून जुन्या चादरीचे छोटे छोटे लंगोट शिवले, आत कापसाची घडी घातली, शेपटीला भोक ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी मोजणीतली झाडून सगळी कोकरं लंगोट लावून उभी केली. बघायला साहेब आले, हिशेबनीस आला, फाटकावरचा पहारेकरी आला. कोकरं मागचे पाय झाडत, उड्या मारत, स्वतःच्या बुडाकडे वळून बघत होती. हसणं थांबल्यावर मोजणी केली तर आकडे बरोबर निघाले. तेव्हापासून केंद्रात लंगोटाशिवाय मोजणी झाली नाही.

आणि लग्न कसं ठरलं, ते तर गल्लीला पाठ आहे. एका सकाळी पकड्याने नेहमीसारखं कोकरू टांगलं, तबकडीकडे बघितलं, आणि आकडे सांगायच्याच सुरात म्हणाला, "काळ्या कानाचं कोकरू, पिण्यानंतर, तुमच्या घरी बोलायला कधी येऊ." मापकाकूची मान खाली, पेन कागदावर. सवयीने तिने खणखणीत आवाजात परत म्हटलं, "काळ्या कानाचं कोकरू, पिण्यानंतर, तुमच्या घरी बोलायला कधी येऊ." नेमका तेव्हा कोकरांचा गलका जरा खाली आला होता. शेडच्या त्या टोकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. साहेब चहाचा पेला हातात धरून थांबले आणि म्हणाले, "लिहून घ्या, बाई." पकड्या मरेपर्यंत सांगत राहिला की मी मागणी घातलीच नाही, हिनेच घातली, शेडभर साक्षीदार आहेत. मापकाकू दर वेळी तितकीच चिडायची.

केंद्र पुढे बंद झालं. कळप गाड्यांत घालून दुसरीकडे नेला, शेडमध्ये आता फरशांचं गोदाम आहे. जुनं सामान काढताना साहेबांनी तो ताणकाटा आणि झोळी मापकाकूच्या हातात ठेवली, कारण दुसऱ्या कुणाला ती वापरताच आली नसती. पकड्या गेल्यानंतर एकदा ती बसने तिकडे जाऊन आली. फरशांच्या थप्प्यांमधून चालत गेली. वास राहिला नव्हता. तुळईला काटा अडकवायचा हूक मात्र तसाच होता. त्याला कुणीतरी छत्री टांगली होती.

तर असा तो काटा मापकाकूने त्या दुपारी माळ्यावरून उतरवला, पुसला, मिठाची पुडी टांगून तो खरं बोलतोय की नाही बघितलं. झोळी धुवून वाळवली. मधल्या दाराच्या चौकटीला दोरीने काटा बांधला. लेकीने विरोध केला तो तोंडानेच. डबा तिने पुन्हा फळीवर ठेवला होता.

संध्याकाळी जावई दुकानातून आला, घाईघाईत जेवला (याच घासांना शिंपिणीने पाहिलं), आणि मग मापकाकूने बाळाला झोळीत ठेवलं. बाळाला झोळी आवडली. मापकाकूने चष्मा सावरून आकडा बघितला. मग लेकीने आतल्या खोलीत बाळाला पाजलं, बाळाने नेहमीसारखा दंगा केला, आणि पुन्हा टांगायची वेळ आली तेव्हा तबकडीचा काटा पहिल्या खुणेच्याही मागे थांबला.

लेकीला रेघा वाचता येत होत्या, लहानपणापासून येत होत्या.

मापकाकू बाळाकडे बघत होती. बाळ कोरडं ठणठणीत होतं. "लंगोट कुणी बदलला?" तिने विचारलं.

"मी," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही चष्मा शोधायला गेला होतात तेव्हा. दुपटंही बदललं. भिजलं होतं पोर. ओल्यातच ठेवायचं का त्याला तुमच्या काट्यासाठी?"

"अहो, ओलं आहे तसंच वजन करायचं असतं. गेलेलं सगळं त्यातच धरायचं असतं. आता हे माप फुकट गेलं."

"बघितलंस ना आई," लेक म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "माझं पिऊन तो कमी झाला."

"अगं, विहीणबाईंनी लंगोट बदलला म्हणून. फजितीच आहे ती, दुसरं काही नाही. माझी पण झाली होती, साहेबांनी..."

"साहेबांची गोष्ट मला माहीत आहे. मला बरं वाटावं म्हणून तू काहीही सांगशील." ती बाळाला घेऊन उठली. "आता माझ्या पाठीवरही लाल रंग लावून टाक."

मापकाकू स्वयंपाकघरात गेली. जावयाचं ताट धुतलं. धुतलेलं पुन्हा धुतलं. लेकीने तिला हे म्हणावं याचं दुःख एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक वेगळाच विचार डोक्यात घोळत होता. माप घेताना झोळी तिच्याच हाताशी असते. दुसऱ्या मापाच्या वेळी झोळीच्या कडेला एक बोट टेकवलं तर पुरे. एवढ्या वर्षांच्या हाताला ते कुणाला दिसणारही नाही. लेकीच्या जिवाला चैन पडेल, रात्री झोपेल. पण बोटाने पोराचं पोट भरणार नव्हतं. आणि पोर खरंच उपाशी असेल तर? हे तिलाही माहीत नव्हतं. तेच तर मोजायचं होतं.

ती हात पुसत बाहेर आली. "विहीणबाई, उद्या काटा तुम्ही वाचायचा."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"तबकडी वाचायला काय कळायचंय. तिकिटं मोजून देत होतात ना? जे दिसेल ते मोठ्याने म्हणायचं."

"मोठ्याने म्हणजे कसं?" विहीणबाईंनी विचारलं, आणि समोरच्या माडीवर शिंपिणीने मशीन थांबवलं.

"असंच. एवढं पुरे."

"आणि कमी दिसलं तर?"

"तर कमी म्हणायचं. दिवसाची बेरीज कमी भरली तर डबा मी माझ्या हाताने उघडीन, आणि त्यावर पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

आतल्या खोलीत लेक ऐकत होती. मापकाकू तिच्याजवळ जाऊन पलंगाच्या कडेला बसली. "एका मापावर लाल रंग आम्ही कधी लावला नाही," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी लावू दिला नसता. दिवसभर मोजायचं, आणि एक दिवस कमी भरला तर आणखी मोजायचं. एकाच वेळचं बघून मेंढीबद्दल काही कळत नाही. हंगामच्या हंगाम मी हेच केलंय, आणि आज तुझ्या बाबतीत मीच विसरले. संध्याकाळचं एकच माप घेतलं. चूक माझी." लेकीने बाळाचा पाय आईच्या मांडीवर राहू दिला.

दुसरा दिवस म्हणजे घराचं पैदास केंद्र झालं. मापकाकूने सकाळीच नियम सांगितले. दोन मापांच्या मध्ये लंगोट बदलायचा नाही. बाळाने दूध ओकलं तर ज्या फडक्याने पुसलं ते फडकंही झोळीत. आणि लेक पाजत असताना खोलीत कुणी थांबायचं नाही, पडदा ओढून घ्यायचा.

"माझ्यापासून कसला पडदा?" विहीणबाई म्हणाल्या.

"समोर कुणी डोळे लावून उभं राहिलं की मेंढी पान्हा चोरते."

"पुन्हा मेंढी म्हणालात हं."

जावयाने दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि बाळ उचलून झोळीत ठेवायचं काम घेतलं. घड्याळजीचा हात, झोळी हललीसुद्धा नाही. विहीणबाई स्टुलावर चढून तबकडीला नाक लावून उभ्या राहिल्या. "पिण्याआधी," म्हणून त्यांनी आकडा असा पुकारला की खाली रस्त्यावरच्या माणसाने वर बघितलं.

मापकाकूने आकडा परत म्हटला. म्हणजे म्हणायला घेतला. अर्ध्यात ती थांबली. कुणीतरी आकडा सांगावा आणि आपण तो परत म्हणावा, हे पकड्या गेल्यापासून झालंच नव्हतं. त्या एका क्षणात तिच्या नाकाला ओल्या लोकरीचा वास आला, असं ती सांगते. घरात लोकरीचा धागासुद्धा नव्हता.

"काय झालं?" विहीणबाईंनी स्टुलावरून विचारलं.

"काही नाही. परत सांगा."

विहीणबाईंनी परत सांगितलं, मापकाकूने परत म्हटलं, आणि खडूने कपाटाच्या दारावर लिहिलं.

पडद्यामागे बाळ चुपूचुपू पीत होतं. इकडे स्वयंपाकघरात तिघं तीन भिंतींकडे तोंड करून उभी. पुन्हा टांगलं तेव्हा विहीणबाईंनी तबकडी बघितली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितली. सकाळचा फरक घसघशीत होता. जावयाने हलकेच शीळ घातली. विहीणबाई म्हणाल्या, "सकाळी काय, सगळेच खातात."

दुपारी बरं भरलं. उन्हं उतरल्यावर थोडं कमी. दिवे लागले तसं बाळाने सूर लावला. प्यायलं, सोडलं, रडलं, हातपाय झाडले. शेवटच्या मापाला फरक जेमतेम दोन-चार रेघांचा. लेक पडद्यातून बघत होती. विहीणबाईंनी तो आकडाही सांगितला, पण या वेळी पहिल्यांदाच हळू सांगितला.

"बघा," लेक म्हणाली.

"बेरीज झाली नाहीये," मापकाकू म्हणाली आणि खडू उचलला.

"थांबा, बेरीज मी करते," विहीणबाई म्हणाल्या. तिकीटखिडकी बंद करताना दिवसाचा मेळ लावायची सवय. त्यांनी वरून खाली एकदा केली, खालून वर एकदा केली. एवढ्या वजनाच्या बाळाला दिवसाला साधारण किती दूध लागतं ते नर्सबाईने सांगितलं होतं; तोही आकडा त्यांनी शेजारी लिहिला. मग दोन्ही आकड्यांखाली एकेक रेघ ओढली. लेकीने बाळाला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की ते रडायचं विसरलं.

"भरतंय," विहीणबाई म्हणाल्या.

कुणाला खरं वाटलं नाही, बहुधा त्यांना स्वतःलाही नाही, कारण त्यांनी पुन्हा वरून खाली बोट फिरवलं. "भरतंय गं. थोडं वरच आहे. सकाळीच भरपूर पिऊन ठेवतो लबाड, आणि संध्याकाळी आपल्याला तमाशा दाखवतो."

लेक मटकन पलंगावर बसली आणि हसायला लागली, आणि मग रडायला लागली, आणि विहीणबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिल्या, "माझ्या डोळ्यांनी वाचलंय, माझ्या." आईने सांगितलं असतं तर लेकीने मानलं नसतं. हे मापकाकूला ठाऊक होतं आणि ते तिला थोडंसं लागलंही, पण ती खडू धुवायला गेली, आणि खडू धुवायचा नसतो हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात नर्सबाई आली. बाळाचं वजन तिच्या मनासारखं वाढलं होतं. काट्याची हकीगत ऐकून ती मनापासून हसली आणि म्हणाली, "एक दिवस ठीक आहे. रोज टांगू नका, नाहीतर आईचं लक्ष बाळाऐवजी तबकडीकडे राहील." मापकाकूने चौकटीचा काटा त्याच संध्याकाळी सोडायला घेतला. त्याला सर्वांत जास्त विरोध केला तो विहीणबाईंनी. त्यांना आता रोज वाचायचं होतं. शेवटी त्यांची समजूत म्हणून मापकाकूने त्यांना मिठाची पुडी टांगून दिली, ती त्यांनी दोनदा वाचली.

संध्याकाळचा तमाशा मात्र बाळाने सोडला नाही. फरक इतकाच, की लेक आता त्याला खांद्यावर टाकून फिरताना "रड बाबा, तुझं पोट मला माहीत आहे" असं म्हणायला लागली. फळीवरचा डबा विहीणबाईंनी स्वतः पिशवीत भरला, आणि त्या परत जायला निघाल्या.

जिन्यात निरोप घेताना नेमकी शिंपीण वर येत होती. ती काही उगाच येत नव्हती. तिने सरळच विचारलं, की काय हो, या घरात सगळ्यांनाच जेवणाआधी-जेवणानंतर टांगतात म्हणे. विहीणबाईंना तेवढंच निमित्त पुरलं. त्या पायरीवर थांबल्या, पिशवी खाली ठेवली आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांना कशाला? माझ्या सुनेला टांगल्याशिवायच मोजलं यांनी, पोराच्या वजनावर. चांगल्या शिकल्यासवरल्या पोरीला अगदी मेंढीसारखं मोजून काढलं. मी सांगते तुम्हाला, स्वतःच्या पोटच्या पोरीशी असं कुणी वागलेलं मी तर बघितलेलं नाही. मेंढी आणि माणसात काही फरक ठेवला नाही बाईने."

मापकाकूने त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली.

"फरक ठेवला की विहीणबाई. मेंढीच्या सासूला मी काटा वाचायला कधी बोलावलं नव्हतं."